साठच्या दशकातला स्वस्त रक्तपट कसा पाहावा

भीती वाटावी म्हणून रक्तपट, म्हणजे रक्तपात दाखवणारे हे अमेरिकन सिनेमे, पाहू नका, पदरी निराशा येईल. साठ वर्षांपूर्वी थोडक्या पैशांत लोकांना किळस आणून गल्ला कसा भरला, हे पाहायला बसा. मग हसू आवरत नाही.

१. सुरुवात ‘ब्लड फीस्ट’पासून करा. १९६३ सालचा हा सिनेमा जेमतेम ६७ मिनिटांचा आहे. दिग्दर्शक हर्शेल गॉर्डन लुईस, निर्माता डेव्हिड फ्रीडमन. दोघे आधी नग्नतेवर चालणारे छोटे सिनेमे काढायचे. त्या बाजारात गर्दी झाली, तेव्हा मोठे स्टुडिओ ज्याला हात लावणार नाहीत असं काय विकावं, याचा त्यांनी विचार केला. उत्तर निघालं रक्त, तेही रंगीत. चित्रीकरण मायामीत झालं, खर्च सुमारे २४,५०० डॉलर.

२. गोष्ट आधीच वाचून घ्या. रहस्य असं काही नाहीच, त्यामुळे बिघडत काहीच नाही. फुआद रामसेस हा मेजवान्यांची कंत्राटं घेणारा माणूस इश्तार देवीला जिवंत करण्यासाठी तरुणींचे खून करून त्यांचे अवयव जमवतो. सिनेमात ही देवी इजिप्तची म्हणून मिरवते. खरी इश्तार मेसोपोटेमियातली, पण एवढं तपासत बसायला वेळ कोणाला होता!

३. एकट्याने पाहू नका. चारपाच जण जमवा, लहान मुलं नकोत. जेवण आधी उरकून घ्या. मूळ प्रेक्षकसुद्धा ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या सिनेमागृहात, गाड्यांत बसून, आरडाओरडा करत पाहायचे आणि त्यांना चक्क उलटीच्या पिशव्या वाटल्या जायच्या. पिशवी हातात पडली की अर्धी जाहिरात झालीच.

४. आता नेमकं काय पाहायचं? आधी रक्त. बाजारात मिळणारं नकली रक्त कृष्णधवल चित्रपटांसाठी केलेलं, रंगीत फिल्मवर ते जांभळट दिसायचं. म्हणून लुईसने आपलं वेगळं लालभडक रक्त बनवून घेतलं. ते खऱ्यासारखं मुळीच दिसत नाही, पण डोळ्यांत भरतं. मग जीभ उपटण्याचा गाजलेला प्रसंग: ती जीभ मेंढीची आहे. हे ठाऊक असलं की प्रसंग निम्मा किळसवाणा आणि दुप्पट विनोदी होतो. रामसेसचे वटारलेले डोळे पाहा, पाठ केल्यासारखे बोलणारे पोलीस ऐका. मागचा ढोलसुद्धा कान देऊन ऐका. संगीत लुईसचंच आहे. कॅमेरा एका जागी खिळलेला असतो, कारण हलवायला वेळही नव्हता आणि पैसाही.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि ती खटकायलाच हवी. कापल्या जातात त्या जवळजवळ सगळ्या तरुण बायकाच. रक्ताच्या नकलीपणावर खुशाल हसा, पण त्या काळी बाजारात काय खपत होतं हेही त्यातून दिसतं.

५. गोडी लागली, तर पुढे ‘टू थाउजंड मेनिअ‍ॅक्स’ (१९६४). अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात यादवी युद्धाच्या शताब्दीचा उत्सव चालू असतो आणि उत्तरेतून आलेले प्रवासी पाहुणे म्हणून अडकवले जातात. खिळे ठोकलेल्या पिंपात माणसाला घालून टेकडीवरून सोडून देतात आणि गावकरी जत्रेला आल्यासारखे टाळ्या पिटतात. शीर्षकगीत लुईसने स्वतः गायलं आहे. माझ्या मते या यादीतल्या तिघांत हाच सरस, कारण इथे निदान गोष्ट आहे.

६. तिसरा, ‘कलर मी ब्लड रेड’ (१९६५), रक्ताने चित्रं रंगवणाऱ्या चित्रकाराचा. आधीचे दोन पाहून मन भरलं नसेल, तरच लावा.