एचआयव्हीची माहिती आणि मदत शोधताना या चुका टाळा

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणूस पहिल्यांदा मोबाईल उघडतो. उघडू दे, त्याला कोण नाही म्हणतंय, पण रात्री दोनला यूट्यूबवर जे सापडतं त्यातलं बरंचसं शिळं असतं आणि ते बघून उगाच झोप उडते. शिळं ओळखायची एक खूण सांगतो. "सीडीफोर (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) ३५० च्या खाली गेला की मगच गोळ्या" असं कुठं दिसलं की पुढं वाचूच नका. २०१७ पासून आपल्याकडं सीडीफोर कितीही असू दे, निदान पक्कं झालं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, सुरू करतात. गाल बसले, पाय बधिर झाले, भयंकर स्वप्नं पडतात, या कहाण्या बहुतेक जुन्या गोळ्यांच्या. आता बऱ्याच जणांना टीएलडी असते, तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातनं एकदा, आणि सरकारी सेंटरला फुकट.

दुसरी चूक म्हणजे प्रायव्हेट लॅबच्या एकाच टेस्टवर आयुष्याचा निकाल लावून बसणं. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि सल्ला केंद्रात) पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या टेस्ट करतात, मगच पक्कं सांगतात. आणि उलट बाजूनं, संबंध आल्यावर चार दिवसांत निगेटिव्ह आला म्हणून निवांत झालेले पण खूप आहेत. तो रिपोर्ट काही कामाचा नाही, तीन महिन्यांनी परत करायचा. (७२ तास व्हायचे असतील तर टेस्टची वाट न बघता पीईपीच्या, म्हणजे लागण रोखायच्या, गोळ्यांसाठी सरळ दवाखाना गाठा.)

आता खरी अडचण. कोल्हापुरात गुपचूप काही करायचं म्हणजे अवघडच. सीपीआरच्या (इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या) गेटवर कोण ना कोण पाहुणा भेटतोच, कुणाची मावशी अ‍ॅडमिट असते, कोण केसपेपर काढायला आलेला असतो, आणि लांबनंच हाक येते, "काय भावा, हिकडं कुठं?" मग माणूस ठरवतो की आपण मिरजेला नाहीतर थेट पुण्याला नाव घालूया, तिथं कोण ओळखत नाही. पहिले काही महिने जमतं, मग एसटीचं भाडं, बुडालेला पगार, घरात दर महिन्याला नवी थाप, आणि एखाद्या महिन्यात गोळ्या राहतात. पावसाळ्यात तर विचारूच नका, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा हायवेवर आली आणि शिरोलीजवळ रस्ताच बंद, मग पलीकडच्या गोळ्या आणणार कशा? त्यापेक्षा जवळचं सेंटर धरा. सीपीआरमध्ये हजार कामांना हजार माणसं येतात, "शुगर चेक करायला आलोय" एवढं उत्तर तयार ठेवलं तरी भागतं. तालुक्याला लिंक एआरटी सेंटर (मोठ्या सेंटरच्या गोळ्या जवळच देणारं छोटं सेंटर) आहे का हे काउन्सेलरला विचारा. तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या पण मिळू शकतात, पण तोंड उघडून विचारायला लागतं. गल्लीपासून लपवा, तो तुमचा हक्क आहे, काउन्सेलरपासून लपवून मात्र नुकसान तुमचंच.

डॉक्टरपासून पण लपवू नका, कारण एक बारीक गोष्ट कुणीच आपणहून सांगत नाही. तांबडा रस्सा झाला, छातीत जळजळतंय, म्हणून वर अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध, आणि लगेच झोपताना टीएलडी. त्या औषधातलं मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅविर या औषधाला धरून ठेवतं, गोळी अंगाला नीट लागत नाही. टीएलडी अशा औषधाच्या दोन तास आधी घ्या नाहीतर सहा तास नंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. टीबीची औषधं चालू झाली तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना माहीत पाहिजेच, तिथं डोस बदलतो.

काढा देऊन "मुळापासून बरं करतो" म्हणणारा भेटला की निघा तिथनं. एचआयव्ही बरा करतो अशी जाहिरात करायलाच कायद्यानं बंदी आहे. आणि त्याची खरी मेख अशी की तो आधी एआरटी बंद करायला लावतो. पहिले दिवस काहीच होत नाही, उलट हलकं वाटतं, तोवर आत व्हायरस परत वाढायला लागलेला असतो आणि कळतं ते व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे त्याची टेस्ट) केल्यावर. व्हायरल लोड टेस्टमध्ये दिसणार नाही इतका दाबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे नीट माहीत असलेला माणूस काढ्यापायी गोळ्या सोडणार नाही.

व्हॉट्सअप ग्रुपवर आधार मिळतो, पण रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, नंबर, केस आयडी झाका. ग्रुपवर कोण आहे हे अ‍ॅडमिनलासुद्धा धड माहीत नसतं. रात्री-अपरात्री डोकं भणभणलं तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, नाव सांगायला लागत नाही.

नोकरीवरनं काढलं, दवाखान्यानं हाकललं, तर "आपलं नशीब" म्हणून गप्प बसू नका. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, भेदभाव आणि परवानगीशिवाय नाव फोडणं त्यात बसत नाही. तोंडी भांडू नका, तारीख टाकून लेखी द्या आणि पोच घ्या. परिस्थिती हलाखीची असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला विचारा.

आणि पुण्या-मुंबईला काम लागलं तर जायच्या आधी सेंटरवरनं ट्रान्सफरचं पत्र करून घ्या, तिथं जाऊन परत पहिल्यापासून नाव घालत बसू नका, हातात महिन्याभराच्या गोळ्या असू द्या.