वेबसाइटवरून सुटलेला मेल इनबॉक्सपर्यंत पोचावा म्हणून

एका प्रशिक्षण शिबिराच्या नावनोंदणीची वेबसाइट माझ्याकडे होती. फॉर्म भरला, पैसे जमा झाले की प्रवेशपत्राची लिंक मेलनं जायची. शिबिराला दोन दिवस उरले असताना एका आईचा फोन आला. मुलीनं फॉर्म भरलाय, पैसेही गेलेत, पण मेल काही आला नाही. मी लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेलांची नोंदवही, उघडला. मुलीच्या नावापुढे 'सेंट' होतं. "मेल गेलाय, स्पॅममध्ये बघा," असं मी ठामपणे सांगितलं. मेल तिथंही नव्हता. मग एकेकाला फोन करत बसले तेव्हा कळलं की असे कितीतरी जण वाट बघत होते, आणि लॉगमध्ये सगळ्यांपुढे तोच 'सेंट'.

त्या शब्दाचा अर्थ मी तेव्हा नीट शिकले. वेबसाइट ज्या पीएचपी भाषेत लिहिलेली असते तिचं मेल फंक्शन 'ट्रू' सांगतं तेव्हा त्यानं मेल त्याच मशीनवरच्या मेल प्रोग्रॅमच्या हाती दिलेला असतो. पुढे समोरच्या सर्व्हरनं तो घेतला, परत पाठवला की स्पॅममध्ये टाकला, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

म्हणून कुठलंही सेटिंग बदलण्याआधी पुरावा गोळा करा. दोन-तीन वेगवेगळ्या मेल सेवांवर स्वतःची खाती ठेवा आणि वेबसाइटच्या खऱ्या फॉर्ममधूनच तिकडे मेल पाठवा. जीमेलमध्ये तो मेल उघडून 'शो ओरिजिनल' दाबलं की वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळी दिसतात, म्हणजे पाठवणारा खरा आहे का याच्या तीन तपासण्या, प्रत्येकीपुढे पास किंवा फेल. डीकेआयएमच्या शेजारी कुठल्या डोमेनसाठी पास झालं तेही लिहिलेलं असतं, एसपीएफचं डोमेन खालच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींत, 'रिटर्न-पाथ'पुढे सापडतं. ही दोन्ही डोमेनं टिपून ठेवा, पुढे त्यांचंच काम आहे.

पहिला बदल म्हणजे होस्टिंगच्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवणं बंद करणं. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून असंख्य वेबसाइटी मेल सोडतात. त्यातल्या एकीच्या फॉर्ममधून स्पॅम सुटला की बदनामी सगळ्यांच्या वाट्याला येते. त्यापेक्षा मेल पाठवण्यासाठीच असलेली एसएमटीपी सेवा घ्या (एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल द्यायची पद्धत) आणि वेबसाइटला तिथं लॉगिन करून मेल द्यायला लावा. जोडणीचा दरवाजा, म्हणजे पोर्ट, ५८७ किंवा ४६५ वापरा, २५ बऱ्याच होस्टिंगवर बंदच असतो. वर्डप्रेस असेल तर एसएमटीपीचं प्लगइन लागेल, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बदलायला विसरू नका. मूळ सेटिंगमध्ये तिथं 'वर्डप्रेस' नावाचा पत्ता असतो आणि त्या नावाची मेलपेटी सहसा कुणी उघडलेलीच नसते. स्वतःचाच मेल सर्व्हर चालवायचा असेल तर त्याच्या आयपीचं उलटं नाव, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड, आणि त्या नावाचा सुलटा पत्ता एकमेकांशी जुळले पाहिजेत. माझं स्पष्ट मत असं की छोट्या वेबसाइटसाठी या वाटेला जाऊ नये.

आता डीएनएसमधले, म्हणजे तुमच्या डोमेनची माहिती जिथं सगळ्यांना बघायला मिळते त्या नोंदींमधले, रेकॉर्ड. एसएमटीपीचे नियम १९८२ साली ठरले तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय त्यांत नव्हती, कुणीही कुणाचंही नाव लावू शकत होता. ती उणीव हे रेकॉर्ड भरून काढतात.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. नवी सेवा जोडताना लोक दुसरा रेकॉर्ड टाकतात आणि तपासणीच चुकीची ठरते. जुन्याच ओळीत नवा 'इन्क्लूड', म्हणजे त्या सेवेच्या यादीकडे बोट दाखवणारा शब्द, घाला. एकूण डीएनएस चौकश्या १० च्या वर गेल्या तरी एसपीएफ मोडतो, तेव्हा सोडून दिलेल्या सेवांची नावं काढून टाका.

डीकेआयएममध्ये प्रत्येक मेलवर सही होते आणि ती पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये असते. २०४८ बिटांची किल्ली घ्या. ती लांब असते आणि टेक्स्ट रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांपुरताच, म्हणून काही पॅनेलांत ती दोन तुकड्यांत भरावी लागते. मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटतो, पण मजकुराला हात लागला नसेल तर डीकेआयएमची सही टिकते. दोन्हींतलं एकच नीट करायला वेळ असेल तर मी डीकेआयएम निवडेन.

मी अडखळले ती जागा पुढची. नवी सेवा जोडल्यावर एसपीएफ पास, डीकेआयएमही पास, आणि डीमार्क फेल! टिपलेली डोमेनं पाहिली तेव्हा उलगडा झाला. दोन्ही पास त्या सेवेच्या डोमेनसाठी होते, माझ्या नव्हे. एसपीएफ तपासला जातो तो पाकिटावरच्या पत्त्यावर, म्हणजे रिटर्न-पाथवर. वाचणाऱ्याला दिसतो तो फ्रॉम. पास झालेल्या दोघांपैकी निदान एकाचं डोमेन या फ्रॉमशी जुळावं, एवढी डीमार्कची मागणी असते. सेवेच्या पॅनेलमध्ये जाऊन स्वतःच्या डोमेनची सही सुरू केली आणि तिन्ही ओळी पास झाल्या.

तपासणीत नापास मेलांचं काय करायचं हे डीमार्कचं धोरण सांगतं, ते सुरुवातीला 'नन', म्हणजे काहीच करू नका, असं ठेवा आणि अहवालांसाठी एक पत्ता द्या. हे अहवाल एक्सएमएलमध्ये येतात, वाचायला किचकट असतात, तरी काही आठवडे वाचाच. मला त्यांतून कळलं की एक जुनं बिलांचं सॉफ्टवेअर आमच्याच नावानं मेल पाठवतंय. सगळ्या वाटा सापडल्यावर 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि मग 'रिजेक्ट' (घेऊच नका).

संपर्काचा फॉर्म ही वेगळीच खोड. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता फ्रॉममध्ये टाकायची जुनी सवय आहे. पण याहू या मेल सेवेनं २०१४ साली आपल्या डोमेनला 'रिजेक्ट' लावलं तेव्हापासून तिथल्या पत्त्यांच्या नावानं तुमच्या सर्व्हरवरून गेलेले मेल नाकारले जातात. फ्रॉममध्ये स्वतःचा पत्ता ठेवा, त्यांचा रिप्लाय-टूमध्ये.

परत आलेल्या मेलांकडे दुर्लक्ष करू नका. ४ नं सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळानं या. ५ नं सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार, तिथं पुन्हा पुन्हा धडकलं की नाव खराब होतं. बऱ्याच सेवा असा पत्ता स्वतःच्या बंदी-यादीत टाकतात आणि पुढचे मेल पाठवतच नाहीत. पेटी भरलेली म्हणून एकदा परत आलेला पत्ता पेटी रिकामी झाल्यावरही त्या यादीत अडकलेला मी पाहिलाय. 'मेल येत नाही' अशी तक्रार आली की मी आधी तीच यादी बघते.

बातमीपत्रं आणि पासवर्डचे मेल वेगवेगळ्या सबडोमेनवरून पाठवा, म्हणजे एकाच्या तक्रारींची झळ दुसऱ्याला कमी लागते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या घरात मेल जात असतील तर फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तिन्ही सक्तीचे आहेत. प्रचाराच्या मेलात एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात.

एवढं करूनही एखादा मेल हरवणारच. म्हणून शिबिराच्या वेबसाइटवर मी प्रवेशपत्राची लिंक पैसे भरल्यावरच्या पानावरही दाखवायला लागले. शेजारी भरलेला मेल पत्ता ठळक अक्षरांत ठेवला, कारण टायपिंगची चूक तिथंच डोळ्यांत भरते. खाली एक बटण दिलं, 'मेल पुन्हा पाठवा'. आणि रोज सकाळी वेबसाइट माझ्या तीन खात्यांवर एक चाचणीचा मेल पाठवते. नऊपर्यंत तिन्हीकडे दिसला नाही, की आधी हेडर उघडायचे, मग चहा.