तलावाच्या पातळीवरून हवामान ताडताना या चुका टाळा

जायकवाडीच्या जुन्या पातळ्यांचा आलेख काढला, रेघ खाली आली, की लगेच 'पाऊसमान घटलं' म्हणायचं, ही सगळ्यात मोठी चूक. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरतो तो मुख्यतः नाशिक-नगरकडच्या पावसावर, तोही वरची धरणं अडवून उरेल तेवढाच. समन्यायी वाटपासाठी, म्हणजे खोऱ्यातल्या धरणांत पाणी न्याय्य वाटण्यासाठी, वरून पाणी सुटलं, तर थेंब न पडता पातळी चढते. कालव्याचं आवर्तन सुरू झालं की उतरते. म्हणून पातळीऐवजी आवक काढा: साठ्यातली वाढ किंवा घट, अधिक कालवा, सांडवा, उपसा आणि बाष्पीभवन. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी वेगळ्या रकान्यात ठेवा. बाष्पीभवन किरकोळ समजू नका. भरलेला जलाशय सुमारे ३५० चौ. किमी पसरतो, एक सेंटिमीटर पाणी उडालं तरी ३.५ दलघमी (दशलक्ष घनमीटर) गेलं!

'शून्य टक्के' म्हणजे धरण कोरडं नव्हे. तो आकडा उपयुक्त साठ्याचा. खाली ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी, असतोच. टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी एकाच रकान्यात मिसळू नका (१ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी).

गाळाने तळ वर येतो, त्यामुळे त्याच पातळीला आज पाणी कमी मावतं. पातळी-साठा तक्ता कुठल्या सर्वेक्षणाचा, ते आधी पाहा. तक्ता बदलला त्या वर्षी आलेखात पायरी दिसते. तिला दुष्काळ म्हणू नका. तुलनाही दरवर्षी त्याच तारखांची करा, १ जून आणि १५ ऑक्टोबर.

उपग्रहचित्रात जलपर्णी आणि गाळपेरीची (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या तळावर पेरलेली) पिकं दोन्ही हिरवीच दिसतात. पहिलीखाली पाणी आहे, दुसरीखाली नाही.

शतकांमागे जायचं तर तळाच्या गाळाचे थर वाचावे लागतात. पण गावतलावात गाळाचा नमुना काढायला नळी ठोकण्याआधी गावात विचारा, गाळ कधी उपसला? जेसीबीने थर उचलून शेतात पसरले असतील, तर तिथला इतिहास शेतातच गेला. उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यातून वरची माती जुन्या थरात उतरते.

असे थर वाचायला जवळचं उत्तम ठिकाण म्हणजे लोणारचं विवर-सरोवर. ओढ्यावाटे पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे कोरडा काळ क्षारांत उमटतो. तिथल्या गाळात सापडणारे गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक तीव्र बाष्पीभवनाची खूण मानतात. थराचं कार्बन-१४ वय मात्र अख्ख्या मिसळ गाळावरून किंवा चुनखडी कणांवरून काढू नका. पाण्यात विरघळलेल्या जुन्या कार्बनमुळे ते खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. त्याच थरातलं काठावरच्या झाडाचं पान, बी किंवा कोळसा शोधा.