इंटिग्रेशनच्या कामाला लागताना

अंधेरीच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागली तेव्हा साहेबांनी मला रॅकमध्ये बसणारी एक पेटी दाखवली. एका बाजूला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला ऑनलाइन ऑर्डरी, मध्ये इकडची माहिती तिकडे नेणारी ही पेटी. अशी वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडणं म्हणजे इंटिग्रेशन. छोट्या व्यापाऱ्याकडे आयटीचा माणूस नसतो, म्हणून सगळं आत भरून आलेलं यंत्र त्याला सोयीचं वाटतं. कॅलिफोर्नियात २००१ साली सुरू झालेल्या कास्ट आयर्न सिस्टिम्सने याच कल्पनेवर धंदा उभारला; कोड लिहू नका, नुसतं कॉन्फिगर करा, असं त्यांचं सांगणं. २०१० मध्ये आयबीएमने ती कंपनी घेतली. आता बूमी, म्यूलसॉफ्टसारखी साधनं बरंचसं काम क्लाउडवरून करतात. टॅली मात्र दुकानातल्याच कॉम्प्युटरवर असते, म्हणून तिथे एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो.

नवीन मुलं मला विचारतात, कोणतं टूल शिकू? टूल दोन महिन्यांत येतं. आधी गिऱ्हाईकाच्या अकाउंटंटशेजारी दोन दिवस बसा.

वसईच्या एका पाइप फिटिंगच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मी तशी बसले. एकाच पार्टीची तीन लेजर, म्हणजे खाती, निघाली, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. ००७१२ हा आयटम कोड एक्सेलमधून आला की ७१२ व्हायचा. नावावरून पार्टी जुळवणं सोडलं आणि जीएसटी नंबर धरला. १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, पुढची दहा पॅनची. तरी एका नंबराखाली भिवंडीची दोन गोदामं असतात, त्यामुळे माल कुठे उतरवायचा तो पत्ता वेगळा ठेवावाच लागतो. हे मला कुठल्याच मॅन्युअलने सांगितलं नाही, अकाउंटंट काकांनी सांगितलं.

माझी सर्वांत मोठी चूक त्याच दुकानातली. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं, आणि टॅलीत नोंद झाली की बिल आपोआप त्या पोर्टलवर जाईल अशी सोय मी करून दिली. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी तिथलं नेट सारखं तुटत होतं. ऑर्डर टॅलीत विक्रीची नोंद म्हणून पडायची, पण ‘पडली’ हा निरोप परत यायचा नाही. अर्ध्या मिनिटाने माझी सिस्टिम तीच ऑर्डर पुन्हा पाठवायची. संध्याकाळी काकांचा फोन आला, “ताई, पाऊण इंची एल्बोचा स्टॉक उणे दाखवतोय.”

अकरा ऑर्डरी दोनदा गेल्या होत्या. पोर्टल एकच इनव्हॉइस दोनदा घेत नाही. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि त्याचा नंबर यांवरून ते ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा ओळख नंबर, बनवतं. पण टॅलीने दुसऱ्या नोंदीला नवा नंबर दिलेला, त्यामुळे पोर्टलच्या लेखी ती वेगळीच बिलं होती. रद्द करायला २४ तास मिळतात. काका आणि मी एकेक बिल ताडून रद्द करत बसलो आणि साडेदहाची चर्चगेट लोकल पकडून मी घरी आले. रद्द केलेले नंबर पुन्हा वापरता येत नाहीत. ते अकरा त्यांच्या वहीत तसेच आहेत.

तेव्हापासून माझा नियम आहे: पाठवण्याआधी ऑर्डर नंबर आपल्या डेटाबेसच्या टेबलात लिहायचा, आणि उत्तर आलं नाही तर आंधळेपणाने पुन्हा न पाठवता आधी टॅलीला विचारायचं, ही नोंद तुझ्याकडे आहे का? मुलाखतीत मी आता हाच प्रश्न विचारते. नेट गेलं तर काय कराल?

सरावाला पैसे लागत नाहीत. टॅलीचा शिकण्यासाठीचा मोड फुकट आहे, त्यात ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण तेवढं पुरतं. टॅली बाहेरचे निरोप ज्या पोर्ट ९००० वर ऐकते, तिथे एक्सएमएल या साच्यात माहिती पाठवून एक विक्रीची नोंद पाडून बघा. मग मुद्दाम वायफाय बंद करून बघा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आणि लॉग, म्हणजे सिस्टिमने काय केलं त्याची नोंदवही, वाचण्याची सवय याच खटपटीत लागते.

माझा नियमही पुढच्या एप्रिलला अडला. सेल्समनची ऑर्डर बुकं नव्या वर्षी एकपासून सुरू होतात. माझ्या टेबलात एकपासूनचे ते नंबर गेल्या वर्षीचे आधीच होते, म्हणून सिस्टिमने त्यांच्या सकाळच्या सगळ्या ऑर्डरी जुन्या समजून अडवून ठेवल्या. पोर्टल आयआरएनमध्ये आर्थिक वर्ष का धरतं, ते मला त्या सकाळी कळलं.