मेडनहेअर फर्न घरात टिकवायचा असेल तर

नर्सरीतून मेडनहेअर आणला, थोडे दिवस मस्त दिसला आणि मग पानं कुरकुरीत होऊन गळायला लागली, हे इतक्या जणांकडून ऐकते की म्हटलं सगळं एकदा नीट लिहून काढावं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कुंडीतली माती एकदा पूर्ण कोरडी झालेली असते. मनी प्लांट किंवा पीस लिलीला एखाद दिवस पाणी चुकलं तर ती मान टाकतात आणि पाणी मिळालं की परत उभी राहतात, मेडनहेअरचं तसं नाही, याची वाळलेली पानं परत कधीच हिरवी होत नाहीत. पण पानं गेली म्हणजे झाड गेलं असं अजिबात नाही, प्लीज लगेच फेकून देऊ नका.

आधी तुमच्याकडे कुठला आहे ते बघा. नर्सरीत मिळतो तो बहुतेक अडिअँटम रॅडिअ‍ॅनम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि नीट सांभाळला तर वर्षभर हिरवा राहतो. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात, दगडी भिंतींवर, विहिरींच्या आतल्या बाजूला जो हंसराज (मेडनहेअरचंच आपल्याकडचं नाव) दिसतो त्यातला एक प्रकार फार गोड आहे, त्याच्या पानाचं टोक लांब होत जाऊन जमिनीला टेकतं आणि तिथेच नवीन रोप फुटतं. पण तो पाऊस संपला की वाळतो आणि जमिनीलगतच्या खोडात जीव धरून पुढच्या पावसाची वाट बघतो. त्यामुळे कुंडीतला हा हंसराज दिवाळीनंतर वाळला तर घाबरू नका, कुंडी सावलीत ठेवा, अधूनमधून हलकंसं पाणी द्या, जूनमध्ये तो परत येतो. घरात बारा महिने हिरवं काहीतरी हवं असेल तर मात्र नर्सरीतलाच घ्या.

जागा उजेडाची हवी पण थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी एकदम बेस्ट, पूर्वेची असेल तर पातळ पडदा लावा. टीव्हीशेजारचा अंधारा कोपरा नको, तिथे देठ लांबतात आणि पानं विरळ होतात. एसीचा किंवा पंख्याचा झोत डायरेक्ट अंगावर येणार नाही हे बघाच, कारण पानं इतकी पातळ असतात की वाऱ्याने झपाट्याने सुकतात. खिडकी असलेलं बाथरूम ही माझ्या मते फ्लॅटमधली सगळ्यात चांगली जागा आहे.

आता पाणी. ठरलेल्या वारी पाणी घालू नका, रोज बोट लावून बघा, वरची माती हाताला ओलसर लागलीच पाहिजे आणि कोरडेपणाची सुरुवात वाटली की लगेच पाणी, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिल-मे मध्ये रोज लागेल, कधी दोनदा सुद्धा, आणि भर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी पुरेल. निथळलेलं पाणी ताटलीत साचू देऊ नका, मुळं कुजतात. गावाला जायचं असेल तर जाड सुती दोरीचं एक टोक मातीत खोल खुपसा आणि दुसरं शेजारच्या पाण्याच्या भांड्यात तळापर्यंत सोडा, दोरी आधी भिजवून घ्या, चार-पाच दिवस आरामात निघतात (जायच्या आधी दोन दिवस करून बघा म्हणजे भांडं किती मोठं लागेल ते कळतं).

आणि एक कळकळीची विनंती, आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी याला घालू नका! पाणी वाचवायची इच्छा चांगलीच आहे, पण त्यात क्षार जास्त असतात आणि फर्नच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. बोअरच्या जड पाण्याचंही तेच. मातीवर पांढरा थर दिसला तर वरची माती खरवडून काढा आणि कुंडीत दोन-तीनदा भरपूर चांगलं पाणी ओतून खालून निथळू द्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच.

स्प्रे मारण्यावर फार भिस्त ठेवू नका, या पानांवर पाणी टिकतच नाही, थेंब घरंगळून जातात आणि हवेतला ओलावा काही मिनिटांत परत होता तिथे येतो. त्यापेक्षा चार-पाच झाडं एकत्र ठेवा, किंवा कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. खूप कोरड्या गावात राहत असाल तर सरळ मोठ्या काचेच्या बरणीतच लावा, तिथे तो सगळ्यात खूश असतो.

मातीसाठी कोकोपीट दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू एक भाग आणि मूठभर गांडूळखत. नुसती लाल माती नको, ती घट्ट बसते. खत महिन्यातून एकदा, लिक्विड, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याहून कमी.

वाळलेल्या झाडाचं काय करायचं? सगळी पानं देठांसकट मातीच्या वर एक बोटभर ठेवून कापून टाका, हो सगळी, मन घट्ट करून. माती ओलसर ठेवा, खत घालू नका, कुंडी उजेडात ठेवा. खोड जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत गुंडाळलेले बारीक कोंब वर यायला लागतात.

पानांच्या मागे कडेला तपकिरी पट्ट्या दिसल्या तर तो रोग नाही, तिथे बीजाणू (ज्यांच्यापासून नवीन फर्न उगवतात) तयार होतात, औषध मारू नका. कापसासारखे पांढरे पुंजके मात्र मिलीबग नावाची कीड, ते पान देठाच्या बुडापासून कापून टाका, कारण फवारणीने, अगदी नीम ऑइलनेही, ही नाजूक पानं जळू शकतात.

कुंडी बदलायला जून-जुलै सगळ्यात बरा. नवी कुंडी जेमतेम दोन इंच मोठी घ्या, झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, खोड मातीत गाडू नका. झाड भरपूर पसरलं असेल तर धारदार सुरीने गड्ड्याचे दोन भाग करा, प्रत्येक भागाला मुळं आणि काही कोंब असले पाहिजेत, आणि नवीन रोपावर पहिले दोन आठवडे पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घालून ठेवा, रोज थोडा वेळ ती पिशवी काढून हवा लागू द्या.