सीटीसी तपासणी: रिपोर्टवरचा शून्य नेहमी खरा नसतो, या चुका टाळा

सीटीसी म्हणजे गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी. साडेसात मिलीलीटर रक्तात अशा पाच पेशी. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये सेलसर्च या सीटीसी मोजायच्या पद्धतीवर 'जास्त'ची रेघ इथे ओढतात, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर तीनवर. त्याच रक्तात पांढऱ्या पेशी काही कोटी असतात. त्यामुळे सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, खपून जाणारी ढिलाई इथे खपत नाही.

बराचसा घोटाळा सॅम्पल यंत्रावर चढण्याआधीच झालेला असतो. सुई कातडीतून शिरते तेव्हा तिथल्या एपिथेलियल (अस्तराच्या) पेशी रक्तासोबत येऊ शकतात, आणि सीटीसी ज्यावरून ओळखतात ते केराटिन हे प्रथिन त्यांच्यातही असतंच. म्हणून दुसऱ्या तपासण्यांची ट्यूब आधी भरा, सीटीसीची नंतर. साध्या ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधलं रक्त काही तासांतच प्रोसेसला घ्यावं लागतं. पेशी टिकवणाऱ्या सेलसेव्ह ट्यूबमध्ये ते 96 तास टिकतं, पण 15 ते 30 अंश तापमानात. 'सॅम्पल जपून ठेवलंय' म्हणत कुणी ती फ्रिजमध्ये सरकवली, तर जपणूक तिथेच संपली.

रोग अंगभर पसरलाय आणि मोजणी शून्य? आधी कंट्रोल, म्हणजे तपासणी नीट चालली का हे दाखवणारा ठरावीक नमुना, बघा. तो ठीक असेल तर पद्धतीकडे वळा. सेलसर्च एपकॅम या प्रथिनाला चिकटणारे चुंबकीय कण वापरते. पसरताना ज्या पेशींचं एपकॅम कमी झालं, त्या हाती लागतच नाहीत. आकारावर गाळणाऱ्या पद्धतीत, म्हणजे साधारण 8 मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरमध्ये, एपकॅमचा प्रश्न येत नाही. तिथे लहान पेशी निसटतात.

नवी पद्धत बसवताना निरोगी रक्तात एमसीएफ-7 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मिसळून रिकव्हरी, म्हणजे त्यातल्या किती परत सापडतात, ते तपासतात. आकडा छान येतो, कारण त्या पेशींवर एपकॅम भरपूर असतं! एमडीए-एमबी-231 सारखी कमी एपकॅमची सेल लाइनही (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) घ्या; मग खरं चित्र दिसेल.

उलट, मोजणी अचानक फुगली तर यंत्राने टिपलेल्या पेशींच्या गॅलरीतल्या प्रतिमा एकेक करून पुन्हा उघडा. निकष ठरलेले आहेत: डॅपी या रंगाने रंगलेलं केंद्रक, सायटोकेराटिन (पेशीतलं केराटिन) पॉझिटिव्ह, सीडी45 (पांढऱ्या पेशींची खूण) निगेटिव्ह, आकार किमान 4 मायक्रॉन. केंद्रक केराटिनच्या कडेबाहेर भलतीकडेच दिसत असेल, तर ती पेशी धरू नका. रुग्णाला डॉक्सोरुबिसिन चालू आहे का, हेही विचारा. हे केमोचं औषध प्रतिमेत स्वतःच चमकतं. म्हणून डोसनंतर किमान 7 दिवस थांबून रक्त घ्यायचं असतं. रिक्विझिशन फॉर्मवर हा रकाना नसेल तर हाताने आखून घ्या.

आणि गेल्या वेळी चार, आता सहा, म्हणजे रोग वाढला असं नाही. पाचच्या आसपासच्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच दोनएक पेशींचा फरक पडतो. अमेरिकेतल्या एस0500 चाचणीत, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, पहिल्या केमोनंतरही सीटीसी चढेच राहिलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांची केमो लवकर बदलून त्यांचं आयुष्य वाढलं नाही. तेव्हा रिपोर्टच्या शेऱ्यात पद्धत, रक्ताचं प्रमाण आणि आकडा लिहा. औषध बदलण्याचा सल्ला तिथे नको.