दाढेचा ठणका आपोआप थांबला? या चुका टाळा

माझ्या आईच्या उशाशी तीन रात्री गार पाण्याचा तांब्या होता. खालची डावी दाढ ठणकायला लागली की ती एक घोट तोंडात धरून बसायची. ठणका थांबायचा, पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू. चौथ्या दिवशी सगळंच थांबलं. ‘बसली बाई दाढ,’ म्हणाली, आणि आम्हीही सुटकेचा श्वास टाकला. दाढेची नस मेली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दाताच्या पोटात नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, पण भोवती दाताच्या कडक भिंती, सुजेला पसरायला जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका, आणि आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्री जास्त. नस मेली की दुखणार काय? जंतू मात्र तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात.

दोन महिन्यांनी आईच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुटकुळी आली. दुखत नव्हती, दाबली की खारट लागायचं. उष्णता झाली असेल म्हणून ती सब्जाचं पाणी पीत राहिली. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी त्या पुटकुळीतून एक बारीक, लवचिक काडी आत सरकवून एक्स-रे काढला. काडीचं टोक थेट दाढेच्या मुळाशी जाऊन थांबलेलं दिसलं. तो पू बाहेर पडायचा रस्ता होता. अशी पुटकुळी जाते, पुन्हा त्याच जागी येते. तेवढ्यावरूनच डॉक्टरांकडे जा.

उलट, गार लागलं की लगेच रूट कॅनॉल, म्हणजे दाताच्या आतला गाभा काढून ती पोकळी साफ करून भरणं, असंही धरून चालू नका. सणक दोन-चार सेकंदांत जात असेल तर दात झिजलेला असेल, हिरडी खाली सरकली असेल किंवा कीड अजून वरवर असेल. बऱ्याचदा फिलिंगवर भागतं. घोट गिळून अर्धा मिनिट झालं तरी कळ रेंगाळते, चहा सोसत नाही, काही न खाता ठणका उठतो, ही लक्षणं मात्र नस वाचण्याच्या पलीकडे गेल्याची. पूर्वी मार लागलेला पुढचा दात हळूहळू राखाडी पडत असेल, तर तो दुखत नसला तरी दाखवा.

‘हीच दाढ दुखतेय, हीच काढा,’ असा हट्टही नको. ठणका कानाकडे जातो, वरची की खालची तेही नीट कळत नाही. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड झाल्या आणि वाकल्यावर दुखणं वाढलं, तर मूळ सायनसमध्ये असू शकतं. नक्की कोणती दाढ ते गारव्याची चाचणी, दातावर हलकं ठोकून बघणं आणि एक्स-रे यांतून ठरतं.

लवंगतेलाचा बोळा घटकाभर बधिर करतो, कीड काढत नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरली तर हिरडी भाजते. मशेरीने बरं वाटतं म्हणणाऱ्या मावश्या आपल्या घरोघरी आहेत. ती जाळलेली तंबाखूच आहे, तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण. घरात उरलेलं अँटिबायोटिकही कामाचं नाही: नस मेल्यावर दाढेच्या आत रक्तच जात नाही, तर औषध कुठून पोचणार?

गालफड किंवा हनुवटीखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडतोय, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.

आणि रूट कॅनॉल सुरू झाल्यावर दुखणं थांबलं म्हणून पुढची सिटिंग बुडवू नका. आईही ‘आता कशाला’ म्हणत होती. तात्पुरतं भरलेलं सिमेंट झिजतं, जंतू पुन्हा आत शिरतात. आणि पोखरलेली दाढ कॅपशिवाय भाकरीच्या कडक पापुद्र्यानेही तडकू शकते. तिला मी हाताला धरून नेलं, कॅप बसेपर्यंत.